मागे ट्रेलर, पुढे मालक

आमच्या मालकांचा मी आधी हात पाहिला, बाकीचे मालक नंतर पाहिले.

भाड्याने घर बघायला भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आलो होतो. दलालाने सांगितलेल्या रस्त्याच्या तोंडाशीच माझी स्कूटर अडली. समोर एक पांढरी गाडी आणि तिच्या खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर आलेला एक जाडजूड, उन्हाने रापलेला हात. मनगटात चांदीचं कडं. त्या हाताच्या इशाऱ्यावर मागून राजस्थानच्या नंबराचा लांबच लांब ट्रेलर गोदामांकडे वळत होता. हात म्हणाला ये, की ट्रेलर यायचा. हात म्हणाला थांब, की तो एवढा मोठा प्राणी जागच्या जागी थांबायचा. मधेच तो हात माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मागे हो. मी शाळेत गणित शिकवतो. दुसऱ्यांना मागे हो म्हणण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. मला राग आला आणि मी विचारलं, "तुम्ही ट्रॅफिक पोलीस आहात का?"

खिडकीतून उत्तर आलं, "पोलीस रस्ता अरवतान. मी सोरवतो."

इथल्या आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि अडवण्याचं अरवणं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण आपला अपमान झाला की तो कुठल्याही बोलीत कळतो. थोड्या वेळाने दलालाने मला ज्या घरमालकासमोर नेऊन उभं केलं, ते त्याच हाताच्या दुसऱ्या टोकाला बसलेले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बायकोला सांगितलं की ह्यो मघाचा, मागं होत नव्हता. मग बराच विचार करून म्हणाले, "चालंल. ऱ्हा."

तेव्हापासून मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. ते सगळ्यांना 'तू' म्हणायचे. मला, बँकेच्या मॅनेजरला, जावयाला आणि एकदा तर घरी मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही. आणि मी त्यांना मालक म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणून बघितलं तर ते ओ द्यायचे नाहीत.

मालकांना करायला काहीही काम नव्हतं. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली होती, त्यांचं भाडं येत होतं, आणि ते सगळं मुलगा बघायचा. माणसाने अशा वेळी देवळाच्या कट्ट्यावर बसून राजकारण करावं. मालकांनी वेगळाच उद्योग धरला. रोज सकाळी ते गाडी घेऊन मानकोलीच्या नाक्यावर जायचे, चहाच्या टपरीच्या बाजूला गाडी लावायचे आणि वाट चुकलेल्या ट्रकची वाट बघायचे.

वाट चुकलेले ट्रक तिथे भरपूर. हरियाणाहून, राजस्थानहून, कुठून कुठून माल भरून ड्रायव्हर येतात. फोनमधला नकाशा त्यांना नाक्यापर्यंत आणतो आणि मग हात वर करतो. पुढे सगळीच गोदामं, सगळ्यांचे पत्रे निळे, सगळ्यांच्या पाट्यांवर कसला ना कसला पार्क, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं. मालक खिडकीतून विचारायचे, माल क्या है. ड्रायव्हर म्हणायचा फ्रिज. मालकांचं ठरलेलं असायचं, फ्रिज म्हणजे करंजवालीत. टायर म्हणजे वरच्या माळावर. औषधं म्हणजे खाडीकाठच्या खाजणात. करंजवाली हे शेताचं नाव. ते शेत कधीच गेलं, तिथला करंज गेला, बांध गेला. मालकांच्या डोक्यात मात्र गावातली सगळी शेतं जागच्या जागी होती, त्यांच्यावर फक्त फ्रिज आणि टायर उगवले होते.

मग ते म्हणायचे, "मेरे पिछू आ. घाबरने का नाय." आणि गाडी पुढे काढायचे. हात खिडकीबाहेर, मागे ट्रेलर. गोदामाच्या फाटकापाशी पोहोचल्यावरही ते जायचे नाहीत. ट्रेलर उलटा मागे जाऊन माल उतरवायच्या धक्क्याला लागेपर्यंत उभे राहायचे, मग स्वतःशीच "झाला" म्हणायचे आणि परत नाक्यावर. कुणी पैसे पुढे केले तर ते इतके दुखावायचे की ड्रायव्हरलाच त्यांची समजूत काढावी लागायची. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, ह्यांना घरातल्या लग्नाला पाहुणे आणायला पाठवलं तर वाटेत ट्रक दिसला की पाहुण्यांसकट त्याच्यापुढं जातील. हे त्या उदाहरण म्हणून सांगत नव्हत्या. तसं झालेलं होतं.

मुलाला हे आवडत नसे. वडिलांनी नाक्यावर बसावं, तेही फुकट, आणि या वयात गाडी चालवावी. त्याने एकदा एक ड्रायव्हर आणून दिला. चांगला गणवेशातला. मालकांनी त्याला परत पाठवलं नाही. सन्मानाने मागच्या सीटवर बसवलं आणि महिनाभर स्वतः गाडी चालवून त्याला नाक्यावर फिरवलं. गावात समज झाला की मालकांकडे कुणी मोठा पाहुणा आलाय. दोघा-तिघांनी त्याला जमिनीच्या कामासाठी भेटायची वेळही मागितली. शेवटी तो बिचारा लाजून निघून गेला. मी मालकांना म्हटलं, जरा आराम मिळाला असता तुम्हाला. त्यावर म्हणाले, "बसून जायाला मी काय माल हाय?"

जुनी गाडी थकली तेव्हा घरात नव्या गाडीवरून वाद झाला. मुलगा म्हणत होता, गियर आपोआप पडतात अशी घेऊ. मालकांनी ऐकून घेतलं आणि आपलं तत्त्वज्ञान मांडलं. क्लच दाबला म्हणजे आपण गाडीला विचारलं. गियर पडला म्हणजे ती हो म्हणाली. न विचारता जी सगळ्याला हो म्हणते, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा. हे ऐकताना काकू माझ्याकडे बघत होत्या आणि मी छताकडे.

आली ती गियरवालीच आली. चाकांखाली लिंबं झाली, नारळ झाला, हार घातला. सीटवरचं प्लास्टिक मालकांनी काढू दिलं नाही. काकूंनी लूमच्या चिंध्यांची एक जाड गोधडी शिवली होती, ती पायाखाली घातली, नव्या गाडीला चिखल लागू नये म्हणून. यंत्रमागांच्या भिवंडीत चिंधीला तोटा नाही. इथे घराघरांत पायपुसण्यापासून पाळण्यापर्यंत सगळं चिंधीचं असतं, गाडीलाच का नसावं.

आणि काही आठवड्यांत गाडी हो म्हणेनाशी झाली.

म्हणजे रोज नाही. हीच तर गंमत. एखाद्या दिवशी गियर लोण्यासारखे पडायचे. आणि एखाद्या दिवशी भर नाक्यावर पहिला गियर टाकायला जावं तर खर्रर्र असा आवाज, दांडा हाताला हिसका देऊन परत. दुसऱ्यांदा टाकावा, तिसऱ्यांदा टाकावा, तेव्हा कुठे पडायचा. मालक वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. वर्कशॉपवाल्यांनी फिरवून बघितली, काही झालं नाही. परत घेऊन आले, परत खर्रर्र. परत नेली, परत काही नाही. मालक म्हणाले, तिथं गेली का शानी होते, माज्यापाशी नखरा करते.

इथे मी मधे पडलो. कुणी बोलावलं नव्हतं. गणिताच्या माणसाचा एक रोग असतो. कुठलाही गुंता दिसला की त्याला वाटतं हा आपल्यासाठीच ठेवलाय. मी गियरबॉक्सवरचे व्हिडिओ बघितले. संध्याकाळभर बघितले. जेवताना बायकोला सिंक्रोनायझर समजावून सांगितला आणि तिने मला आमटी वाढायचं बंद केलं. मग मी मालकांना म्हणालो, मी स्वतः चालवून बघतो.

आता माझ्या गाडी चालवण्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. लायसन माझ्याकडे आहे. ते मी ज्या मोटार स्कूलमधून काढलं तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच होता, आणि परीक्षेच्या दिवशी नेमका कुणी तो दाबला याबद्दल मला आजतागायत शंका आहे. त्यानंतर मी स्कूटरच चालवली. तर मी मालकांची गाडी चालवली, गावाबाहेरच्या मैदानात, आणि काय सांगू, जवळजवळ प्रत्येक गियरला खर्रर्र आवाज आला. मी आनंदाने खाली उतरलो. म्हटलं मालक, दोष सिद्ध झाला. एकाला आला तर योगायोग, दोघांना आला म्हणजे पुरावा.

मालकांना फार बरं वाटलं. इतकं बरं की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जी मला दोन दिवस पुरली. ते का एवढे खूश झाले ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, माझ्या अभ्यासामुळे.

मग मी वाकून पायाखाली बघितलं आणि मला गोधडी दिसली. मला साक्षात्कार झाला. क्लच तळापर्यंत जातच नाही, खाली चिंध्यांचा थर आहे. गोधडी सरकली की गियर पडतात, परत जागेवर आली की अडतात. म्हणून कधी होतं, कधी नाही. वर्कशॉपवाले गाडी धुताना ती काढून ठेवत असणार. किती सुंदर उत्तर होतं. फळ्यावर लिहावं आणि खाली दोन रेघा माराव्यात असं. मी गोधडी ओढून काढली, काकूंच्या हातात दिली, आणि शाळेत पेढे नेले. काकू माझ्याशी पंधरवडाभर बोलल्या नाहीत. त्या गोधडीत त्यांनी नातीच्या झग्याचा तुकडा घातला होता, असं मला नंतर कळलं.

आणि थोडे दिवस गाडी खरंच नीट चालली. मग परत सुरू.

आता हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. पेढे खाल्लेले लोक रोज स्टाफरूममध्ये विचारायचे, काय म्हणतेय गोधडी. मी गाडीच्या कंपनीला इंग्रजीत मेल लिहिला. असा मेल माझ्या हातून पुन्हा होणे नाही. त्यात मी गियरबॉक्स बदलून मागितला, ग्राहक न्यायालयाची आठवण करून दिली, गाडी देण्यापूर्वी तिची तपासणी करणाऱ्यांच्या निष्काळजीपणावर एक संपूर्ण परिच्छेद खर्च केला, आणि लवकरच व्हिडिओचा पुरावा सादर करीन असा दम भरला. वर्कशॉपने घाईघाईने सोमवारची वेळ दिली.

पुरावा गोळा करायला मी रविवारी मालकांच्या शेजारी बसून निघालो. मालक त्या दिवशी छान मूडमध्ये होते. नाक्यावर हरियाणाचा एक ट्रेलर भेटला, वॉशिंग मशिनचा. मालकांनी त्याला मागे घेतलं. मी फोन गियरच्या दांड्यावर धरून बसलो होतो, एखाद्या मोठ्या माणसाची मुलाखत चालल्यासारखा.

गोदामांच्या त्या रस्त्यात नाल्यावर एक लहानसा पूल आहे. त्याची चढण आखूड पण उभी. चढणीच्या मध्यावर समोरून टेम्पो आला म्हणून मालकांनी गाडी थांबवली. मागे ट्रेलरही थांबला, आमच्या इतका जवळ, की आरशात त्याची फक्त जाळी दिसत होती. टेम्पो गेला. मालकांनी पहिला टाकला. खर्रर्र. पुन्हा टाकला. खर्रर्र. गाडी हातभर मागे आली. मागून ट्रेलरचा भोंगा असा वाजला की माझ्या हातातला फोन खाली वाकला, आणि फोनबरोबर मीही खाली बघितलं.

मालकांचा डावा पाय क्लचवर नव्हता. क्लचच्या बाजूला, रिकाम्या जागेवर होता. आणि त्या रिकाम्या जागेवर मालक जिवाच्या आकांताने तो दाबत होते. मांडी थरथरत होती. पायात चप्पलही नव्हती. ती सीटखाली कुठेतरी गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

"दाबलाय रं मी," ते म्हणत होते, "दाबलाय. ऐकत न्हाय ती."

मी हँडब्रेक ओढला. मग काय करावं ते न सुचून मी तसाच वाकलो, दोन्ही हातांनी त्यांचा घोटा धरला, उचलला आणि क्लचवर ठेवला. गुडघ्यावर माझा सगळा भार टाकला. गियर मुकाट पडला, मी हँडब्रेक सोडला आणि गुडघ्यावरचा भार हळूहळू काढला. आम्ही तसेच पूल चढलो, मालकांचे हात चाकावर आणि मी त्यांच्या पायाशी. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं असेल, भाडेकरू मुदतवाढ मागतोय.

ट्रेलर धक्क्याला लागला. मालक "झाला" म्हणाले नाहीत. परत येताना मला एकेक आठवत होतं. टपरीवर उतरताना एकाच पायात चप्पल घालून गेलेले मालक. मी तो किस्सा स्टाफरूममध्ये नकलेसकट सांगितला होता आणि लोक पोट धरून हसले होते. आणि मैदानातला तो माझा खर्रर्र. गाडीत दोष आहे याचा मालकांना सगळ्या जगात एकच साक्षीदार मिळाला होता, आणि तो कोण, तर ज्याला मुळात गाडी येत नाही तो.

घरासमोर गाडी उभी केल्यावर मालकांनी किल्ली काढली नाही. समोर बघत म्हणाले, "पोराला कललं तर किल्ली घेल."

त्यांना काय म्हणायचं होतं ते स्पष्ट होतं. किल्ली गेली की नाका गेला. नाका गेला की मग घरात बसायचं आणि भाडं खायचं. मी म्हटलं, मी काही बघितलेलं नाही. ते म्हणाले, उद्या वर्कशॉपला ये.

सोमवारी वर्कशॉपमध्ये आमचं असं स्वागत झालं जसं लग्नात मुलाकडच्यांचंही होत नाही. मॅनेजर, वरून आलेला कंपनीचा इंजिनियर, थंड पाणी. मालकांचा मुलगाही आला होता. माझ्या मेलची छापील प्रत टेबलावर होती आणि माझीच वाक्यं माझ्याकडे बघत होती. मॅनेजर हात जोडून म्हणाला, सर, तुमच्या मेलनंतर आम्ही लगेच कारवाई केली. गाडी देण्याआधी तपासणी ज्यांनी केली होती त्या मेकॅनिकना नव्या गाड्यांवरून काढलं. सध्या वॉशिंगला आहेत, पुढचा निर्णय साहेब घेतील. आणि त्याने दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाकडे बोट केलं. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावलेला माणूस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय ओले.

तो आमच्याकडे बघत नव्हता.

इंजिनियरने विचारलं, "सर, व्हिडिओ आणलाय ना?"

व्हिडिओ माझ्या खिशात होता. त्यात गियरचा दांडा होता, भोंगा होता, आणि शेवटी स्पष्ट उजेडात मालकांचा पाय होता. मी वर्गात खोटं बोलणारी पोरं आवाजावरून ओळखतो, आणि त्या दिवशी मी माझाही आवाज ओळखला. मी म्हणालो, तो जरा नीट आला नाही, हात हलला. इंजिनियर म्हणाला हरकत नाही, आवाज तरी ऐकू. मी म्हणालो, आवाजही नीट आला नाही. मुलगा माझ्याकडे निरखून बघायला लागला.

मालक त्या मेकॅनिककडे बघत होते. त्यांनी त्याला विचारलं, "तू धुतोस आता?"

"हां सेठ," तो म्हणाला. "वॉशिंग में हूं."

"किती वरस झाली तुला गियरच्या कामात?"

त्याने सांगितलं, सुरुवातीपासून तेच करतोय.

मालक मग माझ्याकडे वळले. "व्हिडिओ चांगला आला असंल. दाखव त्यांना."

मी खिशावर हात ठेवून बसलो. मालकांनी सुस्कारा टाकला, जसा माझ्यासारख्या माणसाकडून काही काम होत नाही तेव्हा टाकतात. आणि खुर्चीत पुढे सरकून त्यांनी आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि त्या काचेच्या टेबलाच्या कडेवर, माझ्या मेलशेजारी ठेवला.

"गारीत दोस न्हाय," ते म्हणाले. "ह्यो बगा दोस. पाय हाय, पन कुठं हाय त्यो मना समजत न्हाय. क्लचवर हाय का भुईवर, बघितल्याबिगर कलत न्हाय. आन् रस्ता सोरून खाली बगू कसा मी?"

मॅनेजरने टेबलावरचा माझा मेल हळूच उलटा घातला.

"ह्याला गियरवर घे परत," मालक मॅनेजरला म्हणाले. "आज घे. मी बगूनच जाईन."

आणि ते खरंच बसून राहिले. तो मेकॅनिक हात पुसून एका नव्या गाडीखाली गेला तेव्हाच उठले. मुलाने त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी ते धरू दिलं. मग दारापाशी थांबून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि स्वतःहून त्याच्या हातात दिली.  गाडी त्याने चालवली. मालक पुढे बसले, मी मागे.

डॉक्टरांनी साखर सांगितली, कंबरेतली दबलेली नस सांगितली. चालायला पाय हळूहळू सुधारेल, पण गाडी विसरा असं म्हणाले. मालक घरी बसले. गाडीवर कव्हर चढलं.

नाक्यावर मात्र ट्रक चुकतच होते. जुने ड्रायव्हर टपरीवाल्याकडून नंबर घेऊन मालकांना फोन करायचे. मालक ओट्यावर बसून फोनवर रस्ता सांगायचे. पण समोर हात नसल्यावर नुसत्या शब्दांचं काय होतं ते मी वरून ऐकायचो. करंजवालीच्या बांधाने ये, म्हणायचे. तिकडून ड्रायव्हर विचारायचा, बांध किधर है सेठ. मालक म्हणायचे, होता तिथं. एकदा त्यांच्या सांगण्यावरून पंजाबचा एक ट्रक हळदीच्या मांडवात शिरला. मग फोनही यायचे कमी झाले. मालक ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. हात मांडीवर. जेवण निम्मं टाकायचे. काकू जिन्यात मला अडवून म्हणाल्या, मास्तर, गोधडीचा राग कवाच गेला. ह्यांचं काही तरी कर.

काय करायचं ते मला माहीत होतं आणि म्हणूनच मी आठवडाभर टाळलं. मग एका रविवारी सकाळी मुलाकडे किल्ली मागितली. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या चालवण्याची कीर्ती त्याच्यापर्यंत गेलेली होती, पण दिली. मी खाली येऊन मालकांना म्हटलं, चला. ते म्हणाले, तुला येत न्हाय. मी म्हटलं, येत नाही. यावर दोघांचं एकमत झाल्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही. ते काठी घेऊन उठले.

नाक्यावर जाईपर्यंत गाडी किती वेळा बंद पडली ते विचारू नका. प्रत्येक गियरला तो आवाज. मालक डोळे मिटून बसले होते, पुढ्यात आपल्या पोराला कुणी चापट मारत असावं तसे. टपरीपाशी पोहोचलो तर समोर ट्रेलर उभा होता. ड्रायव्हर फोन उलटसुलट करत होता. मालकांनी काच खाली केली, डावा हात बाहेर काढला, आणि विचारलं, "माल क्या है?"

टायर होते. म्हणजे वरच्या माळावर.

मी गाडी पुढे काढली. मागे एवढं मोठं धूड, पुढे माझ्यासारखा मनुष्य. मला एक रस्ता माहीत नव्हता. मालकांचा हात बाहेर बोलत होता, ते ट्रेलरसाठी. आणि आत मला सांगत होते, दुसरा टाक, थांब, आता हल्लू. नाल्याचा पूल आला. मी क्लच, ब्रेक, देव, सगळं एकदम आठवत चढून गेलो. ट्रेलर मागे आला. फाटक आलं. तो उलटा मागे जाऊन धक्क्याला लागला आणि शेजारून मालक म्हणाले, "झाला."

तो शब्द ऐकून मला जरा भरून आलं होतं, तेवढ्यात ट्रेलरचा ड्रायव्हर चालत आला. मिशाळ, धिप्पाड माणूस. त्याने डाव्या बाजूला जाऊन मालकांना वाकून नमस्कार केला. मग वळसा घालून माझ्या खिडकीशी आला, खिडकीवर कोपर टेकलं आणि आवाज उतरवून, ड्रायव्हरने ड्रायव्हरशी बोलावं तसा बोलला.

"नए लगे हो?"

मी म्हटलं, हो.

"सेठजी को आराम से ले जाना, भाई. क्लच पूरा दबाया करो. आधे में गियर रोता है." आणि माझ्या खांद्यावर थोपटून तो गेला.

मी मालकांकडे बघायचं टाळलं. पण गाडीला हादरे बसायला लागले, आणि इंजिन तर बंद होतं. मालक हसत होते. पोट धरून, काठी सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फाटकावरचा वॉचमन बघायला आला. हसू आवरल्यावर त्यांनी कडं घातलेल्या मनगटाने डोळे पुसले आणि माझ्या पायाकडे बघितलं.

"ऐकलास ना? पुरा दाब."

मी तळापर्यंत दाबला आणि विचारलं, कुठला टाकू.

"पयला," मालक म्हणाले. "नाक्यावर आनखी एक हुबा असंल."